हिराम पर्सी मॅक्सिम : एक किलोवॅटच्या मर्यादेतून उभी राहिलेली साखळी



वर्गात आपण मुलांना नियम सांगतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. नियम कशासाठी? जास्त केलं तर काय बिघडलं? या प्रश्नाला भाषणापेक्षा एखाद्या माणसाची गोष्ट चांगलं उत्तर देते. आज अशाच एका माणसाचं चरित्र पाहू. मराठीत त्यांच्याविषयी फारसं वाचायला मिळत नाही, पण हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅम रेडिओच्या जगात त्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. ते म्हणजे अमेरिकन अभियंते हिराम पर्सी मॅक्सिम.

हौशी रेडिओ म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. परीक्षा देऊन, सरकारचा परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून रेडिओ संदेश पाठवायचे आणि घ्यायचे. त्यातून पैसे मिळवायचे नाहीत. छंद, अभ्यास आणि अडचणीच्या वेळी सेवा, एवढाच हेतू. जवळपास प्रत्येक देशात या परवान्याचे वर्ग असतात आणि तुमच्या प्रक्षेपकाने किती शक्ती वापरायची याला मर्यादा असते. ही मर्यादा वॅटमध्ये मोजतात. या मर्यादेपासूनच एक मोठी चळवळ कशी उभी राहिली, हे मॅक्सिम यांच्या आयुष्यात दिसतं.

जन्म आणि घर

हिराम पर्सी यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये झाला. वडील हिराम स्टीव्हन्स मॅक्सिम हे मोठे संशोधक. पुढे त्यांनी स्वतःहून गोळ्या झाडत राहणारी मॅक्सिम बंदूक तयार केली. काका हडसन मॅक्सिम हे स्फोटकांचे जाणकार. म्हणजे घरात शोध होते, कल्पना होत्या आणि आवाजही भरपूर होता!

पण घरात वडील मात्र फार काळ राहिले नाहीत. १८८१ मध्ये ते कामासाठी युरोपला गेले आणि पुढे इंग्लंडमध्येच स्थायिक झाले. तेव्हा पर्सी बारा वर्षांचा होता. मॅक्सिम बंदुकीचा शोध त्यानंतर, १८८४ च्या सुमारास लागला. वडिलांना तिकडे प्रसिद्धी मिळाली, 'सर' हा किताब मिळाला. इकडे आईनं मुलांना वाढवलं. वडिलांबद्दल मनात अढी ठेवायला कारण होतं. तरीही पुढे मोठेपणी पर्सींनी वडिलांच्या तऱ्हेवाईक स्वभावावर आपल्या बालपणीच्या आठवणींचं एक पुस्तक लिहिलं, ते हसतखेळत, जिव्हाळ्यानं लिहिलेलं आहे.

अभ्यासात पर्सी हुशार होते. बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपण एम.आय.टी. म्हणतो त्या संस्थेतून त्यांनी १८८६ मध्ये यांत्रिक शिक्षण पूर्ण केलं. वय होतं अवघं सोळा.

घोड्याशिवाय चालणारी गाडी

शिक्षणानंतर ते मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी तोफगोळे तयार करणाऱ्या एका कारखान्यात काम करू लागले. डोक्यात मात्र भलतंच चालू होतं. घोडा न जुंपता गाडी रस्त्यावर चालवता येईल का? त्या काळी पेट्रोलचं इंजिन त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मग त्यांनी एका रिकाम्या काडतुसात पेट्रोलचा थेंब टाकला, वाफ होऊ दिली आणि काडी लावली. जो धडाका झाला त्यावरून त्यांना कळलं, की या थेंबात गाडी ओढण्याइतकी ताकद आहे. पुढे त्यांनी स्वतः इंजिन तयार करून तीनचाकीला बसवलं.

१८९५ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरातील पोप कंपनीनं त्यांना बोलावून घेतलं. ही कंपनी सायकली बनवायची. तिच्या मोटारगाडी विभागात मॅक्सिम यांनी कोलंबिया नावाच्या गाड्यांवर काम केलं. त्यात विजेवर चालणाऱ्या गाड्याही होत्या. आज आपण इलेक्ट्रिक गाडी नवीन समजतो, पण ती त्या काळीही रस्त्यावर होती.

त्यांचा गाजलेला शोध मात्र वेगळाच. १९०९ मध्ये त्यांना बंदुकीचा आवाज कमी करणाऱ्या नळीचं, म्हणजे सायलेन्सरचं पेटंट मिळालं. नळीत आत अशी रचना, की बंदुकीतून सुटलेला वायू एकदम बाहेर न पडता गोल फिरत, मंदावत बाहेर पडावा. न्हाणीघरात टबातलं पाणी भोवरा करून निघून जाताना पाहून ही कल्पना सुचली, असं सांगतात. वडिलांनी बंदुकीचा आवाज वाढवला आणि मुलानं तो कमी केला, असं गमतीनं म्हणता येईल. पुढे हेच तत्त्व वापरून त्यांच्या कंपनीनं इंजिनांचे आणि यंत्रांचे आवाज कमी करणारी साधनं बनवली.

मुलामुळे रेडिओची गोडी

आता रेडिओकडे येऊ. मॅक्सिम यांचा मुलगा हिराम हॅमिल्टन लहानपणीच बिनतारी संदेशाच्या नादाला लागला. मुलाच्या खोलीतली ती ठिणगी, ती कडकड, ते मोर्सचे ठिपके आणि रेघा पाहून वडीलही ओढले गेले. मुलाचा छंद वडिलांना लागला, असं उलटं घडलं! पालकांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. चाळिशी ओलांडलेला, नाव कमावलेला अभियंता मुलाकडून नवी गोष्ट शिकायला बसला.

तेव्हाचा प्रक्षेपक म्हणजे ठिणगीयंत्र. रोहित्रानं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरनं विजेचा दाब वाढवायचा, दोन टोकांमधल्या फटीत ठिणगी पाडायची आणि त्यातून उठणाऱ्या लहरी उंच तारेवरून, म्हणजे अँटेनावरून हवेत सोडायच्या. या यंत्राचा एक मोठा दोष होता. त्याच्या लहरी एका ठिकाणी नेमक्या बसत नसत, आजूबाजूला पसरत. एकानं कळ दाबली, की गावातल्या बाकीच्यांच्या कानात कडकडाट.

१९१२ चा कायदा : कोणाला किती शक्ती

अमेरिकेत तोवर रेडिओसाठी हौशींना परवाना लागत नसे. जो तो आपल्याला हवी ती तरंगलांबी आणि हवी तेवढी ताकद वापरी. नौदलाची केंद्रं, जहाजांची केंद्रं, कंपन्या आणि शाळकरी मुलं, सगळे एकाच हवेत ओरडत होते. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं. त्या दिवसांत हवेतल्या गोंधळातून चुकीच्या बातम्याही पसरल्या, आणि बोट हौशी मंडळींकडेही दाखवलं गेलं. १३ ऑगस्ट १९१२ रोजी अमेरिकेचा रेडिओ कायदा मंजूर झाला.

या कायद्यानं हौशी केंद्रांना दोन बंधनं घातली. पहिलं, २०० मीटरपेक्षा जास्त तरंगलांबी वापरायची नाही. दुसरं, रोहित्राला दिलेली शक्ती एक किलोवॅटपेक्षा जास्त नको. अंमलबजावणीत मग केंद्रांचे वर्ग पडले :

* सामान्य हौशी केंद्र : कमाल एक किलोवॅट.
* मर्यादित हौशी केंद्र : नौदलाच्या किंवा लष्कराच्या केंद्रापासून पाच सागरी मैलांच्या आत असेल तर कमाल अर्धा किलोवॅट.
* विशेष हौशी केंद्र : प्रयोगासाठी किंवा खास कामासाठी, परवानगी घेऊन जास्त तरंगलांबी किंवा जास्त शक्ती.

चालकाच्या परवान्याचेही दोन दर्जे होते. निरीक्षकासमोर परीक्षा दिली तर पहिला दर्जा. परीक्षा केंद्र फार दूर असेल तर पत्रव्यवहारानं दुसरा दर्जा.

इथे विद्यार्थ्यांना एक बारकावा सांगण्यासारखा आहे. मर्यादा यंत्रात जाणाऱ्या शक्तीवर होती, हवेत बाहेर पडणाऱ्या शक्तीवर नव्हती. गिरणीत किती धान्य टाकायचं यावर बंधन, पीठ किती निघालं यावर नाही, तसं हे. आत जाणारी शक्ती मोजणं सोपं होतं. पण त्यामुळे झालं काय, की जो आपलं यंत्र सुधारेल, कमी वाया घालवेल, त्याचा आवाज त्याच एका किलोवॅटमध्ये लांब जाईल. नियम पाळूनही पुढे जाण्याची वाट त्या नियमातच होती.

या कायद्यात सर्वच केंद्रांसाठी आणखी एक साधं कलम होतं. संकटातल्या जहाजाचा संदेश सोडला, तर निरोप पोहोचण्यासाठी लागेल तेवढीच कमीत कमी शक्ती वापरायची. मर्यादा एक किलोवॅट आहे म्हणून रोज एक किलोवॅट वापरावा, असं नाही. जत्रेत एकानं भोंगा वाढवला, की शेजारचा वाढवतो. मग दोघांचंही कोणाला ऐकू येत नाही. हे टाळायचं होतं.

चाळीस किलोमीटर आणि एक अडलेला निरोप

आता मॅक्सिम यांच्या आयुष्यातला कळीचा प्रसंग. एप्रिल १९१४. मॅक्सिम यांचं हार्टफर्डमधलं केंद्र कायद्यानं परवानगी असलेल्या एक किलोवॅटचं होतं. त्यांना ऑडिऑन नावाची निर्वात नळी हवी होती. ती नळी स्प्रिंगफील्ड गावातल्या एका हौशीकडे असल्याचं कळलं. स्प्रिंगफील्ड हार्टफर्डपासून सुमारे चाळीस किलोमीटर. मॅक्सिम यांनी त्या रात्री संदेश पाठवायचा प्रयत्न केला. पण निरोप काही पोहोचेना. एवढी ताकद, तरी चाळीस किलोमीटर पार होईना.

अशा वेळी माणूस काय करील? चोरून ताकद वाढवील किंवा यंत्र बंद करून झोपेल. मॅक्सिम यांना आठवलं, की हार्टफर्ड आणि स्प्रिंगफील्ड यांच्या मधोमध विंडसर लॉक्स हे गाव आहे आणि तिथे एक हौशी चालक आहे. त्यांनी त्याला हाक दिली. तो ऐकू आला. त्यानं निरोप घेतला आणि पुढे स्प्रिंगफील्डला दिला. काम झालं.

हे इतकं साधं होतं, की दुसऱ्या कोणी विसरूनही गेलं असतं. मॅक्सिम यांच्या मनात मात्र प्रश्न उभा राहिला. दोन गावांमध्ये एक माणूस उभा राहिला तर निरोप चाळीस किलोमीटर जातो. मग गावोगावी माणसं उभी राहिली तर?

एक गणित वर्गासाठी

आठवी-नववीच्या मुलांना हे गणितानं दाखवता येतं. मोकळ्या जागेत रेडिओलहरी पसरतात तेव्हा अंतर दुप्पट झालं, की पोहोचणारी शक्ती चौपटीनं कमी होते. भिंतीवर बॅटरीचा उजेड पाडून, मागे सरकून हे दाखवा. उजेडाचं वर्तुळ मोठं होतं आणि फिकं पडतं.

आता समजा, एक किलोवॅटनं निरोप ५० किलोमीटर जातो. १०० किलोमीटरसाठी चार किलोवॅट लागतील. २०० किलोमीटरसाठी सोळा किलोवॅट! पण दर ५० किलोमीटरवर एक असे चार जण एकेक किलोवॅटनं निरोप पुढे देत गेले, तर २०० किलोमीटर पार होतात आणि सगळे मिळून चारच किलोवॅट वापरतात. शिवाय त्याच वाटेनं उत्तरही परत येतं.

उलटही पाहा. नौदलाच्या केंद्राशेजारी राहणाऱ्याला अर्धाच किलोवॅट मिळाला. याच हिशेबानं त्याचा पल्ला ५० वरून साधारण ३५ किलोमीटरवर आला. म्हणजे शक्ती निम्मी झाली तरी पल्ला निम्मा झाला नाही. प्रत्यक्षात डोंगर, झाडी, जमीन, ऋतू यांमुळे आकडे बदलतात, पण शक्ती वाढवून मिळणारा फायदा महाग पडतो, ही गोष्ट खरीच राहते.

रिले लीगची स्थापना

त्याच एप्रिल महिन्यात मॅक्सिम यांनी हार्टफर्डच्या रेडिओ क्लबपुढे कल्पना मांडली. त्यांच्या बरोबरीनं उभा राहिला तो क्लॅरेन्स टस्का हा अठराच्या आसपासचा तरुण. एक पंचेचाळिशीकडे झुकलेला कारखानदार आणि एक विशीही न गाठलेला पोरगा. दोघांनी मिळून १९१४ मध्ये अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी केली. नावातच रिले. म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे निरोप देणं. काही महिन्यांतच दोनशेहून जास्त केंद्रं जोडली गेली. डिसेंबर १९१५ मध्ये संस्थेचं क्यू.एस.टी. हे मासिक सुरू झालं. ते आजही निघतं.

जानेवारी १९१७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या लॉस एंजेलिसहून निघालेला संदेश डेन्व्हर, जेफरसन सिटी आणि ऑल्बनी इथल्या हौशींच्या हातून पूर्वेकडे हार्टफर्डला मॅक्सिम यांच्यापर्यंत पोहोचला. संपूर्ण अमेरिका खंड, मध्ये फक्त तीन माणसं. कोणाकडे राक्षसी यंत्र नव्हतं. होती ती एकमेकांची साथ.

साथ म्हणजे शिस्तही आली. दुसऱ्याचा निरोप चालू असताना मध्येच कळ दाबायची नाही, ऐकून मग बोलायचं, उगाच ताकद लावायची नाही. बेशिस्त चालकांवर मॅक्सिम यांनी म्हातारबुवा अशा अर्थाच्या टोपणनावानं मासिकात खुसखुशीत, चिमटे काढणारे लेख लिहिले. हा म्हातारबुवा कोण, हे बहुतेक वाचकांना मॅक्सिम यांच्या मृत्यूनंतरच कळलं.

मर्यादा वेगळी, बंदी वेगळी

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. हौशींना केंद्रं बंद करून यंत्रं उतरवून ठेवायचा हुकूम निघाला. हौशी मंडळींनी तो पाळला. पुष्कळ जण सैन्यात आणि नौदलात बिनतारी चालक म्हणून गेले.

युद्ध संपलं नोव्हेंबर १९१८ मध्ये. पण केंद्रं उघडायला परवानगी येईना. उलट, रेडिओचा सगळा कारभार नौदलाच्या हाती द्यावा असं विधेयक काँग्रेसपुढे आलं. ते मंजूर झालं असतं तर हौशी रेडिओ कायमचा संपण्याची भीती होती. एरवी नियम पाळणारे मॅक्सिम इथे मात्र उभे राहिले. त्यांनी समितीपुढे जाऊन साक्ष दिली. देशभरच्या हौशींनी, त्यांच्या आई-वडिलांनी आपापल्या प्रतिनिधींना पत्रं पाठवली. विधेयक बारगळलं. १९१९ च्या शरद ऋतूत प्रक्षेपणाला पुन्हा परवानगी मिळाली. दरम्यान संस्थेची तिजोरी जवळजवळ रिकामी झाली होती. सदस्यांनीच पैसे उभे करून ती सावरली.

मला वाटतं, या चरित्रातली शिकवण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. एक किलोवॅटची मर्यादा मॅक्सिम यांना जाचक वाटली नसेल असं नाही. पण ती सर्वांना हवेत जागा मिळावी म्हणून होती. ती त्यांनी पाळली आणि तिच्या आत राहून वाट शोधली. नौदलाच्या विधेयकात मात्र हौशींना जागाच उरत नव्हती. तिथे ते लढले, तेही रीतसर, सभागृहात जाऊन. नियम पाळणारा माणूस म्हणजे मान खाली घालणारा माणूस नव्हे. कुठला नियम सर्वांना सांभाळतो आणि कुठला काहींना बाहेर काढतो, हे ज्याला ओळखता येतं, तो खरा नागरिक. इयत्ता कोणतीही असो, हा फरक मुलांना समजावून सांगायला हवा.

टाकाऊ लहरींचं सोनं

आता २०० मीटरच्या बंधनाचं काय झालं, ते पाहा. त्या काळी तज्ज्ञांचं मत होतं, की लांब पल्ल्यासाठी लांबच लांब लहरी हव्यात. २०० मीटरखालच्या लहरी निरुपयोगी. म्हणून तर त्या हौशींच्या पदरात टाकल्या. गावाबाहेरची खडकाळ जमीन कोणी देऊन टाकावी, तसा प्रकार.

पण हौशींनी त्या खडकाळ जमिनीवर नांगर घातला. डिसेंबर १९२१ मध्ये लीगनं पॉल गॉडली या चालकाला स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसनला पाठवलं. समुद्रकिनारी तंबूत बसून, थंडीवाऱ्यात, त्यानं अमेरिकन हौशींचे संदेश ऐकले. अटलांटिक महासागर पलीकडून! त्यात कनेक्टिकटमधल्या ग्रिनिचहून प्रक्षेपण करणारं एक केंद्र होतं. त्याच्या उभारणीत पुढे एफ.एम. रेडिओसाठी नावाजलेले एडविन आर्मस्ट्राँग होते.

मग नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याहून मोठी गोष्ट घडली. फ्रान्समधल्या नीस शहरातले लिऑन देलॉय आणि कनेक्टिकटमधले फ्रेड श्नेल व जॉन राइनार्ट्झ यांच्यात अटलांटिकच्या आरपार दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. तरंगलांबी होती सुमारे ११० मीटर. म्हणजे निरुपयोगी ठरवलेल्या भागातलीच. या आखूड लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून, आयनांबरावरून परत फिरतात आणि योग्य वेळी थोड्या शक्तीतही हजारो किलोमीटर जातात, हे हळूहळू सगळ्या जगाला कळलं. मग काय, सरकारं आणि कंपन्याही त्याच लहरींकडे धावल्या!

१९२४ मध्ये अमेरिकेत हौशींना ८०, ४०, २० मीटर असे पट्टे मिळाले. एप्रिल १९२५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला आणि मॅक्सिम त्याचे अध्यक्ष झाले. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत हौशींच्या पट्ट्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. विंडसर लॉक्सच्या त्या एका मदतीपासून तेरा वर्षांत गोष्ट कुठल्या कुठे पोहोचली.

शेवटची वर्षं

मॅक्सिम यांना एकच छंद पुरत नसे. १९२६ मध्ये त्यांनी हौशी चित्रपट बनवणाऱ्यांची संघटना काढली. खगोलशास्त्राचं वेड होतं. विश्वात जीवसृष्टीचं स्थान काय, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. फेब्रुवारी १९३६ मध्ये ते रेल्वेनं पश्चिमेकडे प्रवासाला निघाले. वाटेत प्रकृती बिघडली. कोलोरॅडो राज्यातल्या ला हुंटा गावी त्यांना गाडीतून उतरवून रुग्णालयात नेलं. तिथेच १७ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचं निधन झालं. वय होतं ६६.

प्रत्येक हौशी केंद्राला एक ओळखनाव असतं. मॅक्सिम यांचं होतं डब्ल्यू वन ए डब्ल्यू. त्यांच्या मागे ते नाव लीगच्या केंद्राला देण्यात आलं. १९३८ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यूइंग्टन गावी त्यांच्या स्मरणार्थ केंद्राची इमारत उभी राहिली. आजही त्या नावानं तिथून प्रक्षेपण होतं आणि नवशिके ते ऐकून मोर्सचा सराव करतात.

आज शक्तीची मर्यादा कशी आहे?

१९१२ मधला एक किलोवॅटचा आकडा अमेरिकेत आश्चर्यकारकरीत्या टिकला. मोजण्याची पद्धत बदलली, ठिणगी जाऊन नळ्या आल्या, पण आत जाणारी शक्ती एक किलोवॅट हे सूत्र साधारण सत्तर वर्षं चाललं. १९८३ मध्ये ते बदललं. आता बाहेर पडणारी कमाल शक्ती मोजतात, ती १५०० वॅट. म्हणजे आता धान्याऐवजी पीठ मोजतात.

परवान्याच्या वर्गांप्रमाणे फरकही आहेत. १९५१ मध्ये अमेरिकेत नवशिक्यांसाठी नोव्हिस वर्ग निघाला, तेव्हा त्याला ७५ वॅटचीच परवानगी होती. आज तिथला टेक्निशियन वर्ग लघुलहरींवर २०० वॅटपर्यंत जाऊ शकतो. वरच्या वर्गांना मुख्यतः जास्त पट्टे मिळतात. ब्रिटनमध्ये मात्र वर्ग बदलला, की शक्तीही चढते. २०२४ च्या बदलानंतर फाउंडेशनला २५, इंटरमीजिएटला १०० आणि पूर्ण परवान्याला १००० वॅट.

आपल्या भारतात रेस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन वर्ग आहेत. लघुलहरींवर पहिल्याला ५० वॅट, दुसऱ्याला ४०० वॅट. जनरलसाठी मोर्सची परीक्षाही असते. बारा वर्षं पूर्ण झालेलं मूल परीक्षेला बसू शकतं. म्हणजे आपल्या सातवी-आठवीच्या वर्गातलंही!

५० वॅट ऐकून मुलं नाराज होतात. त्यांना वरचं गणित करून दाखवा. ४०० वॅट म्हणजे आठपट शक्ती, पण पल्ला आठपट नाही, तीनपटीहूनही थोडा कमी. उरलेला फरक चांगली अँटेना, योग्य वेळ, योग्य पट्टा आणि तयार कान यांनी भरून निघतो. वर्ग ठरवण्यामागचा विचारही साधा आहे. सायकल नीट आली, की मग मोटारसायकल. जास्त शक्ती म्हणजे शेजाऱ्याला जास्त त्रास होण्याची शक्यता, यंत्रात जास्त धोकादायक दाब, म्हणून आधी जास्त अभ्यास.

मुलांशी बोलण्यासाठी काही प्रश्न

१. मॅक्सिम यांचा निरोप स्प्रिंगफील्डला पोहोचेना, तेव्हा त्यांच्यापुढे कोणकोणते मार्ग होते? तुम्ही कोणता निवडला असता?
२. एक किलोवॅटनं ५० किलोमीटर, तर ३०० किलोमीटरसाठी एकट्याला किती शक्ती लागेल? साखळीत किती माणसं लागतील?
३. तुमच्या शाळेतला असा एक नियम सांगा, जो सर्वांना संधी मिळावी म्हणून आहे.
४. दिलेल्या शक्तीपेक्षा कमी शक्तीत काम होत असेल तर कमीच वापरावी, हे तत्त्व घरात कुठे लागू पडेल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकांसाठी देतो. अंतर सहापट, म्हणून शक्ती छत्तीसपट, म्हणजे ३६ किलोवॅट. साखळीत मात्र एकेक किलोवॅटचे सहा जण निरोप पाठवणारे आणि शेवटी एक घेणारा. छत्तीस आणि सहा हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांना थोडा वेळ बघू द्या. एकीचं बळ यावर निबंध लिहायचा असेल, तर मुलांना उदाहरण तिथेच मिळेल.